विहिरीतल्या कॅमेऱ्याचा फोटो

तिसगावात ज्याला भूत दिसलं नाही असा माणूस दाखवा म्हटलं, तर सगळी बोटं सहादू फोटोवाल्याकडं जायची. वेशीजवळ त्याचा ‘संबोधी फोटो स्टुडिओ’. पुढं एक बाकडं, आत रंगवलेला पडदा, आणि पडद्यामागं फोटो धुवायची कोठी. भर दुपारीही दार लावलं की त्या कोठीत स्वतःचा हात दिसायचा नाही. तिथं हा गडी तांबड्या बल्बाखाली एकटा उभा राहायचा आणि औषधाच्या पाण्यात टाकलेल्या कोऱ्या कागदावर माणसांची तोंडं उगवताना बघायचा. त्यातली निम्मी तोंडं मेलेल्यांची. कुणाचा बाप गेला, की लग्नातल्या घोळक्यातलं त्याचं तोंड हुडकून मोठं करायचं आणि दहाव्याच्या आत चौकटीत बसवून द्यायचं, हा सहादूचा अर्धा धंदा. लोक विचारायचे, “भ्या न्हाई वाटत व्हय रं?” तो म्हणायचा, “जित्यांचं वाटतं. फोटो काढताना हलत्यात.”

बापानं धम्मदीक्षा घेतली तेव्हाच घरातले देवांचे टाक आणि अंगारे-धुपारे बाहेर गेले होते. भुताखेताचं नाव या उंबऱ्याच्या आत काढायचं नाही, असं त्याचं सांगणं होतं. सहादूनं ते पाळलं. पाळलं म्हणजे काय, त्याला कधी जड गेलंच नाही. पण पंच्याण्णव सालच्या उन्हाळ्यात हाच सहादू कोठीत जायचं म्हटलं की बायकोला दाराशी बसवायला लागला, आणि ते कशानं झालं हे सांगायचं तर आधी त्याच्या कॅमेऱ्याबद्दल सांगायला हवं.

कॅमेरा डबल भिंगाचा, पोटाशी धरून वरनं बघायचा. नगरच्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरकडनं जुना घेतलेला. शहाऐंशी साली एका लग्नात करवल्यांच्या रेटारेटीत तो दगडी पायरीवर आपटला. वरनं खरचटलंसुद्धा नाही, पण आत, जिथनं फिल्मवर उजेड पडतो त्या चौकटीचा पत्रा एका जागी इवलासा वाकला. तेव्हापासनं त्या वाकड्या पत्र्याची सावली प्रत्येक फोटोत यायची. उजव्या कडेला, खालून दोन बोटं वर, बाजरीच्या दाण्याएवढा काळा डाग. बायको गीताबाई म्हणायची, “नगरला नेऊन नीट करून आना की.” सहादू म्हणायचा, “चालतंय गं.” आणि फोटो कापताना डागाची कड कापून टाकायचा. सात वर्षं त्यानं असं चालवलं. आळशी माणसाला कात्री मिळाली की तो दुरुस्ती कशाला करील!

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात शिवाराकडच्या वस्तीवर लग्न होतं. नवरदेवाला विहिरीच्या काठी, इंजिनाला रेलून फोटो पाहिजे होता. चांगला अँगल मिळावा म्हणून सहादू मागं सरकत गेला आणि काठावरनं पाय घसरला. वऱ्हाडानं सहादूला धरलं, कॅमेरा गेला. गळ टाकून झाले, पोहणारी पोरं उतरली, पण तळाला पुरुषभर गाळ. कॅमेरा गाळात गेला तो गेला. सहादूनं आठ दिवस जेवण धड घेतलं नाही, मग नगरहून नवा छोटा कॅमेरा आणला. त्याच्या फोटोत डाग नव्हता. कात्रीला काम राहिलं नाही.

दोन वर्षं गेली. पंच्याण्णवचा पाडवा होऊन पंधरा दिवस झाले होते, तेव्हा भागूबाई स्टुडिओत आली.

भागूबाई म्हणजे गावाच्या कडेला एकटी राहणारी, कांद्याच्या लागणीला रोजानं जाणारी विधवा बाई. तिची एकुलती एक लेक मनकर्णा. एक्याण्णवच्या दिवाळीनंतर ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली आणि परत आली नाही. नवरा, काकासाहेब, उन्हाळ्यात एकटाच आला. म्हणाला, तळावरनं पळून गेली कुणाबरोबर तरी. भागूबाईनं हाय खाल्ली नाही. पाथर्डीला ठाण्यात अर्ज दिला, दर महिन्याला जीपमध्ये लोंबकळत जाऊन तिथं बसायची. पोलीस तळावर जाऊन आले, पण टोळी पांगलेली, कोण काय सांगणार? तरी तिनं जाणं सोडलं नाही. गावानं मात्र मनकर्णेचं नाव टाकलं. बाई पळाली एवढं ऐकलं की गावाला पुढचं ऐकायचंच नसतं.

त्या दिवशी भागूबाईचा चेहरा निराळा होता. तीन वर्षांत पहिल्यांदा ती हसत होती. कमरेच्या पिशवीतनं तिनं पाकीट काढलं.

“सहादू, ल्येकरा, माझी मनू जिती हाय रं! पत्तर आलं. कोल्हापूरच्या अंगाला हाय. दुसरं लगीन केलंय, सुखात हाय, म्हनती मला हुडकू नका. ह्या पाडव्याला फोटू काढून धाडलाय बघ. मास्तरकडनं दोनदा वाचून घेतलं.”

“लई बरं झालं, मावशी.”

“माझे डोळे गेलं आता. एवढुसा फोटू दिसत न्हाई. मोठा करून दे. भिताडावर लावीन. काकासाब तरी सुटला बिचारा. त्याचं बी लगीन ठरलंय आकितीच्या म्हूर्तावर. पोरीकडचे म्हनत हुते, पैली बायकू कुठं गेली ते सांगा आदी. आता त्यास्नी दावील पत्तर.”

सहादूनं फोटो हातात घेतला. ताडपत्रीपुढं उभी असलेली बाई, नवं पातळ, दोन्ही हातांत चुडा. कागदाच्या पाठीवर कोल्हापूरकडच्या कुठल्याशा स्टुडिओचा शिक्का. कागद कोरा करकरीत. भागूबाईचं ऐकत ऐकत तो फोटो बघत होता, धंद्याच्या नजरेनं, किती मोठा होईल, मोठा केल्यावर फुटेल का. आणि त्याची नजर उजव्या कडेला गेली. खालून दोन बोटं वर. बाजरीचा दाणा.

त्यानं भिंग लावलं. तोच डाग. एका बाजूला चोच, खाली किंचित फुगीर. सात वर्षं ज्याला कापत आला तो त्याला ओळखता येणार नाही? हा फोटो त्याच्या कॅमेऱ्यानं काढला होता. आणि तो कॅमेरा दोन वर्षं विहिरीच्या तळाशी गाळात पडला होता.

“कवा यिऊ?” भागूबाईनं विचारलं.

“आठ दिसानं,” सहादू कसाबसा म्हणाला.

त्यानंतरचे चार-पाच दिवस सहादूचे कसे गेले ते त्याचं त्यालाच ठाऊक. कोठीत शिरला की वाटायचं, आपल्या उजव्या हाताला कुणीतरी उभं आहे. थेट शेजारी नाही, कडेला. मान वळवली की कुणी नाही. ट्रेमध्ये कागद टाकला की कुठलंही तोंड उगवायच्या आधी त्यात मनकर्णेचे डोळे यायचे. एका पाटलाच्या आईचा फोटो त्यानं बघत बघत औषधात ठेवला तो पार काळा झाला. पाटील ओरडून गेला. सहादू भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडं बघायचा आणि शरमायचा. आपण भुताला मानत नाही. बरं, मानत नाही. मग विहिरीतल्या कॅमेऱ्यानं फोटो काढला कसा?

“तुमास्नी काय झालंय?” गीताबाईनं दाराशी बसल्या बसल्या विचारलं.

त्यानं सांगितलं. गीताबाई ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, “मंग हीर बघून या. हितं बसून भ्यायापरीस तितं जाऊन भ्या.”

तो गेला. भर दुपार, वस्तीवर माणूस नाही, इंजिन बंद. काठावर पालथा पडून त्यानं खाली डोकावलं. पाणी खोल गेलेलं. त्यात त्याचंच डोकं दिसत होतं, लहान, हलणारं, धड नाक कळत नव्हतं. “काढलास व्हय रं फोटो?” तो खालच्या अंधाराला म्हणाला, आणि आपल्याच आवाजानं दचकला. बराच वेळ तो त्या पाण्यातल्या आपल्याकडं बघत राहिला. मग एकदम उठून बसला. पाण्यातलं तोंड त्याचंच होतं, पण मऊ पडलेलं होतं. भागूबाईकडचा फोटोही तसाच मऊ होता! केस वेगवेगळे दिसत नव्हते, पातळाचे काठ विरघळल्यासारखे होते. त्याच्या भिंगाचा फोटो असा कधीच यायचा नाही.

धापा टाकत तो स्टुडिओत आला. फोटो उन्हात धरला, भिंग लावलं. मनकर्णेच्या कमरेवरनं एक बारीक पांढरी रेघ आडवी गेली होती, घडी घातल्यावर पडते तशी. सहादूनं त्या रेघेवरनं बोट फिरवलं. कागद गुळगुळीत. घडी फोटोत होती, कागदाला नव्हती. म्हणजे कुणीतरी जुना, घडी घालून ठेवलेला फोटो नेऊन त्याचा फोटो काढून घेतला होता. कागद नवा, शिक्का नवा, आणि आतला डोळा त्याच्या कॅमेऱ्याचा. फोटोवरनं फोटो काढताना डागही तसाच उचलला गेला होता.

भूत नव्हतं. सहादूला क्षणभर हायसं वाटलं, अगदी हसूच आलं त्याला. आणि मग बाकीचं ध्यानात आलं. फोटो पाडव्याचा नव्हता. जुना होता. मग पत्रही खोटं. आणि जित्या बाईला स्वतःचा जुना फोटो कशाला धाडावा लागतोय? भागूबाईचं ते हसू त्याच्या डोळ्यांपुढनं हलेना.

“नका सांगू तिला,” असं गीताबाई म्हणेल असं त्याला वाटलं होतं. मनातनं त्याला तेच हवं होतं. पण गीताबाईनं कोनाड्यातले निगेटिव्हचे डबे काढून त्याच्यापुढं आपटले. “आकितीला दुसरी पोरगी जायची हाय त्या घरात. हुडका!”

बिस्किटांचे पत्र्याचे डबे, एकेका सालाचा एक. फिल्मच्या प्रत्येक रोळाचं एक पाकीट, वर तारीख, कुणाचे फोटो, कुणाला द्यायचे ते सगळं सहादूच्या किरट्या अक्षरात. एक्याण्णवच्या डब्यात ते पाकीट निघालं. ऊसतोडीच्या टोळीचे फोटो. मुकादमाला प्रत्येक जोडप्याचा फोटो लागायचा म्हणून ट्रक निघायच्या दिवशी काढलेले. रोळात बारा फोटो. अकरांत जोडपी, बाराव्यात एकटी बाई. त्यानं ती फिल्म खिडकीशी धरली. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं. केस पांढरे, डोळे पांढरे, तोंड काळं. ताडपत्रीपुढं मनकर्णा उभी होती, आणि बाराच्या बारा चौकटींच्या कडेला तो दाणा, काचेसारखा स्वच्छ.

मग त्यानं पाकिटावर लिहिलेलं सगळं वाचलं.

‘१४-११-९१. टोळी. बारावा – मनकर्णा, एकटी – आईला देणे.’

तेव्हा त्याला सगळं आठवलं. ट्रक घुरघुरत होता, जोडपी झाली होती, रोळात एक फोटो उरला होता. ती पुढं आली होती. नवऱ्याची पाठ आहे असं बघून हळूच म्हणाली होती, “दादा, माझा एकटीचा काढा की. आन त्यो माझ्या आयला द्या. आमच्या मानसाला नका दिऊ.” ती कडेला उभी होती, डागाची कड कापली असती तर तिचं कोपर गेलं असतं, म्हणून त्यानं हा एक फोटो न कापता ठेवायचं ठरवलं होतं. आणि पाकिटावर लिहिलं होतं. लिहून ठेवलं म्हणजे काम झालं, अशी त्याची सवयच होती. ब्याण्णवच्या उन्हाळ्यात काकासाहेब आला, म्हणाला पोलिसात द्यायला बायकोचा फोटो पाहिजे. सहादूनं पाकीट न वाचताच आतला फोटो त्याच्या हातात दिला. बाईचा फोटो नवऱ्याच्या हातात द्यायचा, गावात असंच चालायचं, कोण विचारतंय! तोच फोटो घडी घालून खिशात राहिला, कोल्हापूरकडं गेला आणि नवा होऊन आला. भागूबाईला लेकीचा फोटो मिळाला नाही. तीन वर्षं ती याच स्टुडिओवरनं जात-येत होती.

“मीच दिला,” सहादू म्हणाला. “गीता, मीच दिला त्याच्या हातात.”

गीताबाई लिहितं-वाचतं येणारी. तिनं पाकीट घेऊन वाचलं. सहादू म्हणाला, निगेटिव्ह नुसती न्यावी, पाकीट राहू द्यावं. पण तारीख पाकिटावरच होती. पाकीट नसेल तर फोटो एक्याण्णवचा हे कोण मानणार?

“लिवलंय तुमी,” गीताबाई म्हणाली. “न्यायचं बी तुमीच.”

दुसऱ्या दिवशी तो भागूबाईला घेऊन जीपमध्ये बसला. तिला सांगितलं एवढंच, की फोटोचं जरा काम आहे, ठाण्यात दाखवायचंय. तिला वाटलं, आता अर्ज मागं घ्यायचा असेल. वाटभर ती बोलत होती. मनूला मूल झालं असेल का, कोल्हापूरला एसटी थेट जाते का. सहादू मान हलवत होता. इतका नालायक आपण कधीच नव्हतो, असं त्याला वाटत होतं.

फौजदार शांत माणूस होता. त्यानं फोटो बघितला, निगेटिव्ह बघितली. “डाग तर कुठल्याही फोटोला पडेल की हो.”

“पडंल साहेब. पन एकाच जागी बारा डाव पडत न्हाई.” सहादूनं भिंग दिलं. मग शहाऐंशीपासनं एकेका सालाची एकेक फिल्म टेबलावर मांडली. सगळ्यांत दाणा. त्र्याण्णवनंतरच्या मांडल्या. एकातही नाही. “ह्यो कॅमेरा त्र्याण्णवला हिरीत गेला, सगळं वऱ्हाड बघत हुतं. पंच्याण्णवचा फोटो त्यानं कसा काढला? आन ही घडी बघा, साहेब. बोट फिरवा. दिसती, पन लागत न्हाई.”

फौजदारानं बोट फिरवलं. पातळाच्या चुण्या एकेक करून निगेटिव्हशी ताडल्या. मग पाकीट उचललं, तारीख वाचली, पुढचं मनातल्या मनात वाचलं आणि सहादूकडं बघितलं. सहादूनं मान खाली घातली. काकासाहेबाला आणायला शिपाई गेला.

काकासाहेब आला तेव्हा अंगावर नवा शर्ट होता, लग्नाच्या पत्रिका वाटत होता म्हणे. फौजदारानं काही विचारलं नाही. ती निगेटिव्ह उजेडापुढं धरून त्याच्यापुढं नेली. पांढऱ्या डोळ्यांची, पांढऱ्या केसांची मनकर्णा. काकासाहेबाचं तोंड उतरलं, तो भिंतीला टेकला आणि बोलायलाच लागला. माघात, तळावर. मारताना जास्त लागलं. मग उसाच्या पाचटात गुंडाळून नदीवर नेलं. “ती मागं लागलीया, साहेब. फोटू घडी घालून ठिवला तरी दिसायची. मनलं तिला कुटं तरी लांब धाडावं.”

भागूबाई बाकावर होती. तिनं सगळं ऐकलं. पदराची एक दशी ओढत राहिली. सहादूला वाटलं, ही रडली तर बरं होईल. तो स्वतःच रडत होता आणि त्याला ते कळत नव्हतं.

पाकीट आणि निगेटिव्ह ठाण्यात राहिली. दोघं बाहेर येऊन जीपच्या थांब्यावर कडुलिंबाखाली उभी राहिली. ऊन मी म्हणत होतं. दोन जीपा भरून गेल्या, ती हलली नाही. तिसरी लागली तेव्हा तिनं विचारलं.

“सहादू, त्या पाकिटावर काय लिवलं हुतं रं? फौजदारानं वाचलं आन तू मान खाली घातली.”

आता खोटं बोलायला काहीच हरकत नव्हती. तिला वाचता येत नव्हतं, पाकीट आत होतं, आणि जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. उजव्या हाताला, कडेला, कुणीतरी उभं आहे असं त्याला पुन्हा वाटलं. या वेळी त्यानं वळून बघितलं नाही.

“मावशी, तिनं मला सांगितलं हुतं, फोटू आयला द्या. नवऱ्याला नका दिऊ. म्या लिवून बी ठिवलं. ‘आईला देणे.’ आन इसरलो. आन त्यालाच दिला.”

जीपवाला ओरडत होता, तिसगाव, तिसगाव. भागूबाई त्याच्या तोंडाकडं बघत होती. मग तिची नजर त्याच्या खिशाकडं गेली. ठाण्यात दाखवायला त्यानं काल निगेटिव्हवरनं नवा फोटो छापून आणला होता, त्याची कड वर दिसत होती. भागूबाईनं दोन्ही हात लुगड्याला पुसले, नीट, पालथे आणि उताणे, आणि त्याच्यापुढं धरले.

“मंग दे की,” ती म्हणाली.